चुळीपुरतं पाणी

दाताच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त काय लागतं असं मला कुणी विचारलं, तर मी पक्कड सांगणार नाही, भुलीचं इंजेक्शनही सांगणार नाही. मी पाणी सांगेन. खुर्चीच्या डाव्या हाताला एक ग्लास ठेवलेला असतो. दात घासून झाला, कोरून झाला, की पेशंटला म्हणायचं, चूळ भरा. तो चूळ भरतो, बाजूच्या पिकदाणीत थुंकतो, आपण पुन्हा त्याच्या तोंडात डोकावतो. दिवसभर हेच चालतं. माझं अख्खं आयुष्य लोकांना चूळ भरा म्हणण्यात गेलं, आणि तेही लातुरात. हे वाक्य लिहून झाल्यावर मला हसू आलं, पण ते काही खुशीचं हसू नव्हे.

मी मूळची नांदेडची. शिकून परत आल्यावर काही वर्षं नांदेडलाच एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काढली. मग लातूर उस्मानाबादेतून वेगळं होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा वडील म्हणाले, "तिकडं जा. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, आता पगारदार माणसं येतील. पगारदाराचा दात लवकर दुखतो." वडील महसूल खात्यात होते, त्यांना पगारदारांची पारख होती. मी लातूरला आले, गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून थोडं आत एका दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि पाटी लावली. लेडी डेंटिस्ट पाहायला म्हणून सुरुवातीला काही लोक नुसते जिना चढून यायचे, दारातून बघायचे आणि उतरून जायचे.

पगारदार माणसं आली हे खरं, पण त्यांच्या मागोमाग दुष्काळही आला. एका पावसाळ्यानं हुलकावणी दिली, मग दुसऱ्यानं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा उरला नाही. घरमालक तळमजल्यावर दुकानामागे राहायचे, त्यामुळे नळ आला तरी वरपर्यंत चढेपर्यंत त्याचा जीव जायचा. मी बैलगाडीवरचं पिंप विकत घ्यायचे आणि ते माझी कंपाउंडर सखूबाई हंड्यानं वर चढवायची. ती वर आली की धापा टाकत म्हणायची, "बाई, लोकांला इकडं प्यायला न्हाई आन् आपण थुंकायला देऊन राहिलो."

तिचं बोलणं मला झोंबायचं. औशाकडचा एक म्हातारा शेतकरी दात साफ करून घ्यायला आला होता. मी मधेच थांबून ग्लास हातात दिला आणि चूळ भरा म्हटलं. त्यानं सगळा ग्लास घटाघटा पिऊन टाकला आणि पुढे केला. "अजून एक द्या." मी सांगितलं की बाबा, हे प्यायचं नाही, खुळखुळवून थुंकायचं. तो पिकदाणीकडे बघतच राहिला. "ह्यात थुंकायचं व्हय? गोड पाणी हाय की." मी दुसरा ग्लास दिला, तोही तो प्यायला. त्या दिवशी तो आणि मी दोघंही हसलो होतो.

साखरेचा आणि हिरड्यांचा संबंध काय, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. इथेही सांगते, ती माझी खोड आहे. हिरडी दाताला चिकटलेली दिसते, पण दोघांच्या मधे एक बारीक फट असते. अन्नाचं चिकट किटण त्या फटीत बसून राहिलं की हिरडी सुजते, फट खोल होते आणि तिचा खिसा होतो. त्या खिशात पू धरतो. धडधाकट माणसाचं शरीर या पुवाला तोंड देतं. ज्याची साखर चढलेली आहे त्याचं शरीर कमी पडतं. त्याची लाळ आटते, तोंड कोरडं पडतं, आतलं हाड झिजतं, आणि एक दिवस न किडलेला, पांढराशुभ्र दात भाकरीच्या घासाबरोबर हातात येतो. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं, की तोंडात पू मुरून राहिला तर साखर औषधाला दाद देत नाही. पायाला गळू झालं तर साखर चढते हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होतं, पण तोंडात बघायचं कुणाला सुचत नसे. तोंड हा जणू शरीराच्या बाहेरचाच भाग.

लोकांची समजूत तर उलटीच. साखर असलेल्या माणसाचा दात काढायचा नसतो, काढला तर जखम भरत नाही, असं आमच्याकडे घरोघर सांगितलं जायचं. म्हणून हलणारे, पू वाहणारे दात तसेच जपून ठेवायचे. किनवटच्या एका आश्रमशाळेतले गुरुजी माझ्याकडे नांदेडला आले होते, त्यांनी साखर आहे हे सांगितलंच नाही. मी विचारलं तरी नाही म्हणाले. दात निघाला, आणि आठवडाभरानं गुरुजी गाल पपईसारखा सुजवून परत आले. मी चिडून विचारलं, गुरुजी, खोटं का बोललात? ते ओशाळून म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही काढला नसता ना." साखर ताब्यात असेल तर दात सुखरूप काढता येतो, आणि ताब्यात नसेल तर आधी ती ताब्यात आणायची असते, एवढं साधं सांगायला मला पुढची तीस-बत्तीस वर्षं पुरली नाहीत.

दुसरं संकट मिसरीचं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती बोटानं हिरड्यांना चोळत बसायचं. आमच्याकडच्या किती बायकांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नसे. मिसरीनं हिरडी बधिर होते, तिच्यातला रक्ताचा ओघ आकसतो. आतून सडत असली तरी दुखत नाही आणि रक्तही येत नाही. बाईला वाटतं, आपले दात ठणठणीत. दुष्काळात मिसरी आणखी वाढली, आणि त्याचं कारण समजायला मला वेळ लागला. ब्रश केला तर चूळ भरायला पाणी लागतं. मिसरीला लागत नाही. चोळायची आणि थुंकायची.

आता अव्वांचं सांगते.

अव्वा म्हणजे उदगीरच्या अन्नपूर्णाबाई. त्यांचे यजमान काशीनाथअप्पा यांची मोंढ्यात तुरी-हरभऱ्याची अडत होती. लिंगायत घर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. घरातले सगळे त्यांना अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणू लागले. त्यांना माझ्याकडे पाठवलं कुलकर्णी डॉक्टरांनी. कुलकर्णी लातुरात साखरेचे पेशंट बघत, आणि तोंडात डोकावणाऱ्या मोजक्या डॉक्टरांपैकी होते. अव्वांच्या पायाच्या बोटाला जोडव्यानं घासून जखम झाली होती. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे जोडवं रुतत गेलं तरी कळलं नाही. नवरा जिवंत असताना जोडवं काढायचं नाही म्हणून घरच्यांनी काढलंही नाही. अखेर कुलकर्ण्यांनी ते कापून काढलं, तेव्हा खालचं बोट काळं पडायला लागलं होतं. गोळ्या वाढवल्या, पथ्य कडक केलं, तरी साखर खाली येईना. साखर उतरली नाही तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल, कदाचित त्याच्याही वरून कापावं लागेल, असं त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. अव्वांनी ते दाराआडून ऐकलं होतं.

खुर्चीत बसल्यावर त्या पहिलं वाक्य हेच बोलल्या. "बाई, दाताचं काय बी करा. माझा पाय तेवढा ऱ्हाऊ द्या. मला चुलीपाशी उभं ऱ्हाता आलं पायजे."

मी तोंड उघडायला लावलं. मिसरीनं काळवंडलेल्या हिरड्या, आणि बोटानं दाबलं की दाताच्या कडेनं पू वर येत होता. खालचे पुढचे दात पेटीच्या पट्ट्यांसारखे एकेक खाली-वर व्हायचे. मी विचारलं, दुखत नाही? "न्हाई की. दात तर माझे लई मजबूत हायत. मिसरी लावते मी." शेजारी त्यांची सून उभी होती, महानंदा. चाकूरची पोर, लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असावीत. हातात सासूची पिशवी आणि पितळी तांब्या. मी दाबलं तेव्हा वर आलेला पू तिनं पाहिला आणि मान वळवली.

मी अव्वांना सांगितलं की पायाची जखम आणि हे तोंड वेगवेगळी दुखणी नाहीत. इथला पू साखर चढवतोय आणि साखर पाय भरू देत नाही. आधी दात साफ करायचे, मिसरी बंद, मऊ ब्रशनं सकाळ-रात्र हिरड्यांसकट घासायचं, आणि काहीही खाल्लं की चूळ. हलणारे दात नंतर हळूहळू काढू.

दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या भांडायलाच. "तुमी मिसरी सोड म्हन्ला, सोडली. आता दात घासलं की रगत येऊन राहिलंय. आधी येत नव्हतं. तुमच्या इलाजानं बिघडलं." मला हे भांडण पाठ होतं. मिसरी थांबली की हिरडीला जाग येते, रक्ताचा ओघ परत सुरू होतो आणि इतके दिवस लपलेली सूज रक्त दाखवते. बरं व्हायची ही पहिली खूण असते, पण आमच्या बायका नेमक्या या खुणेला घाबरतात, रक्त येतं तिथे घासायचं बंद करतात आणि पुन्हा डबी उघडतात. मी समजावलं. अव्वा ऐकून घेणाऱ्यांतल्या होत्या. डबी उघडली नाही असं त्यांनी इष्टलिंगाला हात लावून सांगितलं.

"आणि चूळ?" मी विचारलं.

अव्वा सावकाश म्हणाल्या, "घरात टँकरचं पाणी येतं, तेबी कधी येतं, कधी न्हाई. मी वाटून देते. मालकाला आंघोळीला, पोराला दुकानाला जायला, नातवंडाला, गुराला. सगळ्यांचं झालं की मग माझं. माझं म्हंजे उरलं तर."

हे मी त्या आधी आणि नंतर इतक्या बायकांकडून ऐकलं, की पुढे पुढे मी विचारायचंच सोडून दिलं. तेव्हा मात्र मी तरुण होते. अप्पांना आत बोलावलं आणि जरा जोरातच सुनावलं, की यांना चुळीला पाणी मिळालंच पाहिजे, औषधाइतकंच ते महत्त्वाचं आहे, पाय वाचवायचा असेल तर घरातलं पहिलं पाणी यांचं. अप्पा भला माणूस. मान हलवून म्हणाले, "हाव, बाई. बरोबर हाय तुमचं. करतो." महानंदा तांब्या घेऊन दाराशी उभी होती.

साखर थोडी उतरली. कुलकर्ण्यांनी हिरवा कंदील दाखवला आणि सगळ्यात वाईट दोन दात काढायचा दिवस ठरला. साखरेच्या पेशंटला मी नेहमी सकाळची वेळ देते आणि एकच गोष्ट बजावते, रोजच्यासारखं खाऊन आणि रोजची गोळी घेऊन या. लोकांना वाटतं दात काढायला उपाशी पोटी जायचं असतं. म्हणून मी अव्वांकडून ते वदवून घेतलं होतं.

त्या आल्या, बसल्या. मी इंजेक्शन भरून वळले, तर त्यांच्या कपाळावरचं पुसटसं उरलेलं भस्म ओघळून भुवईत उतरलं होतं. सकाळची वेळ, उकाडा म्हणावा तसा नव्हता. हात धरला, तो गार आणि चिकट. "अव्वा, बरं वाटतंय ना?" त्या माझ्याकडे पाहून कानडीत काहीतरी बोलल्या आणि मला गिरिजा म्हणाल्या. गिरिजा ही त्यांची बहीण, वारून बरीच वर्षं झाली होती, हे मला मागाहून कळलं.

मी इंजेक्शन खाली ठेवलं. "सकाळी काय खाल्लं यांनी?"

अप्पा म्हणाले, "खाल्लं असंल की. मी पैल्या गाडीची गडबड करून राहिलो होतो."

महानंदा दारातून पुढे आली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "काय बी न्हाई खाल्लं. काल टँकर आला न्हाई. आंघोळीला पाणी नव्हतं. आंघोळ न्हाई म्हून पूजा न्हाई, आन् पूजेबिगर अव्वा तोंडात दाणा घालीत न्हाईत. मामंजींनी हातपाय पुसून उरकली पूजा. अव्वाला तसं चालत न्हाई."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली. गोळी काय अन्न न्हाई म्हन्ल्या. डॉक्टरनं कधी चुकवू नका म्हून सांगितलंय."

म्हणजे टँकर चुकला, आणि त्याच्यामागून आंघोळ, पूजा, जेवण असं सगळं ओळीनं चुकत गेलं. एक गोळी तेवढी चुकली नाही. रिकाम्या पोटात त्या गोळीनं आपलं काम चोख केलं होतं, आणि अव्वांची साखर पार तळाला गेली होती. तेव्हा बोटाला टोचून साखर सांगणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. घाम, गार हात आणि बरळणं यावरूनच ओळखायचं, आणि वेळ घालवायचा नाही. मी सखूबाईला चहाच्या साखरेचा डबा आणायला सांगितलं.

डबा पाहून अप्पा मधे आले. शांत माणूस, पण माझा हातच धरला. "बाई, साखर? साखरेच्या पेशंटाला साखर देता? तुमी डॉक्टर हाव का कोन?" त्यांचं तरी काय चुकलं. महिनोन्महिने त्यांनी बायकोसमोरून साखरेचा कण दूर ठेवला होता, देवाचा पेढासुद्धा परस्पर वाटून टाकला होता. मी सांगत होते की आज उलटं झालंय, आज साखर हेच औषध आहे, आणि त्यांना ते पटेपर्यंत थांबायला अव्वांकडे वेळ नव्हता. शेवटी मी त्यांना ढकललंच. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला.

पण अव्वांनी दात मिटून घेतले. इतक्या गुंगीतही त्यांचं डोकं एका जागी ठाम होतं. मान हलवत त्या तेच तेच पुटपुटत होत्या, "पूजा व्हायचीय. पूजा व्हायचीय." जबरदस्तीनं ओतावं तर ठसका लागून श्वासात जाण्याची भीती. मी चमचा धरून उभी, सखूबाई रडवेली, अप्पा भिंतीला टेकलेले.

महानंदानं खुर्चीच्या डाव्या हाताचा चुळीचा ग्लास उचलला. सासूचे दोन्ही हात पिकदाणीवर धरले, त्यांच्यावर पाणी घातलं, आपल्या पदरानं पुसले. गळ्यातलं लिंग सोडवून पूजेत ठेवतात तसं त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तो हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. कानाशी वाकून हळू काहीतरी म्हटलं. अव्वा त्या तळहाताकडे बघत राहिल्या. ओठ हलले. मग जबडा सैल झाला. मी ओली साखर गालाच्या आत चोळली, पुन्हा चोळली, जरा वेळानं घोट घोट साखरपाणी दिलं. घाम थांबला. अव्वांनी डोळे नीट उघडले, मला पाहिलं आणि विचारलं, "काढला का हो दात?"

त्या दिवशी दात काढला नाही.

पुढचं थोडक्यात. दात नंतर काढले, एका वेळी एक-दोन, प्रत्येक वेळी जेवण झाल्याची खात्री महानंदाकडून करून. जखमा व्यवस्थित भरल्या. उरलेल्या दातांच्या हिरड्या घट्ट आणि गुलाबी झाल्या. पू संपला तशी साखर गोळ्यांना ऐकू लागली. पायाचं काळं बोट गेलं, पाऊल वाचलं. अव्वा चालत माझा जिना चढून आल्या, त्या दिवशी सखूबाईनं त्यांची दृष्ट काढली. अव्वा पायाकडे बघून म्हणाल्या, "आता जोडवं कुटं घालू?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ द्या. चुलीपाशी उभी ऱ्हाते."

आणि अप्पांनी माझा शब्द पाळला होता. त्या खुर्चीतल्या सकाळीनं त्यांना असं हादरवलं होतं, की टँकरची पहिली घागर अव्वांची असा घरात कायदाच झाला. आंघोळ तिच्यातून, पूजा तिच्यातून, दात घासणं आणि प्रत्येक खाण्यानंतरची चूळ तिच्यातून. ती घागर वेगळी झाकून ठेवायची, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. महिला मंडळात बोलावलं, शाळेत बोलावलं, की मी अव्वांच्या घागरीची गोष्ट सांगायचे. बायका टाळ्या वाजवायच्या. आपल्या बोलण्यानं एका घरात पाण्याची वाटणी बदलली, याचा मला दात काढण्याच्या कसबापेक्षाही जास्त अभिमान होता.

आता दवाखाना बंद करूनही बरीच वर्षं झाली. मलाही साखर निघाली आहे. रात्री ब्रश करून आरशात हिरड्या बघते, रक्त दिसलं तर तिथेच जास्त हळुवार घासते, जसं लोकांना सांगत आले तसं. मधल्या काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तीही पाहिली. लोक विचारतात, इतक्या वर्षांत समाधानाची केस कोणती? मी अव्वांचं नाव घेत नाही. त्याचं कारण महानंदा.

काही उन्हाळे गेले होते, पुन्हा एक कोरडं साल लागलं होतं. दुपारी दवाखाना रिकामा असताना एक बाई जिना चढून आली. ओढलेला चेहरा, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. "मी महानंदा, उदगीरची," ती म्हणाली. माहेरी चाकूरला आली होती, तिथून एकटीच गाडीनं आलेली. मला खूप बरं वाटलं. बसवलं, चहा सांगितला, बिनसाखरेचा घेते म्हणाली तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

"अव्वा कशा आहेत?"

तिचा चेहरा उजळला. "झ्याक हायत. अजून दोन टायम दात घासत्यात. काय बी खाल्लं की चूळ. सगळ्या गल्लीला सांगत्यात, बाईनं माझा पाय वाचिवला."

मग तिनं तोंड उघडलं. मी दिवा ओढला. काळवंडलेल्या हिरड्या, कडेनं वर येणारा पू, खालचे पुढचे दात हलते. तिचं वय काय, तिशीच्या थोडं पुढे. मी पाय बघितले, पायांना काही नव्हतं. साखर तपासली का? "कुलकर्णी डॉक्टरकडून आले. लई निघाली. तेनीच म्हन्ले, बाईकडं जा, तोंड दाखव."

"मिसरी लावतेस?"

"हाव."

"अगं, तू तर सगळं पाहिलं होतंस. अव्वांचं तोंड तू पाहिलं होतंस. कधीपासून?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "अव्वानं सोडली, डबी तशीच होती. पाणी लागत न्हाई ना तिला."

"आणि चूळ?"

"चुळीचं पाणी अव्वाचं असतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, जणू मला माहीत असलेलीच गोष्ट ती मला सांगत होती. "पैली घागर अव्वाची. मग मामंजी, हे, पोरं, गुरं. मग उरलं तर. तुमीच सांगितलं होतं की, बाई."

मी काय सांगणार होते? जे अव्वांना सांगितलं तेच. मिसरी बंद, मऊ ब्रश, सकाळ-रात्र, रक्त आलं तरी थांबायचं नाही, खाल्लं की चूळ, गोळी घेतली की वेळेवर जेवण. माझं तोंड ते सवयीनं बोलत गेलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मग आता कुणाचं कमी करू?"

तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. घरातली माणसं ती डोळ्यांपुढे आणून बघत होती, हे मला दिसत होतं. इतक्या टाळ्या घेतलेल्या माझ्या गोष्टीत ती घागर कुठून आली, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या बायकांनीही विचारलं नव्हतं. त्यांना बहुधा ठाऊक होतं.

दात साफ करायला घेतले. खालचा जबडा झाला, रक्त बरंच आलं. मी थांबले, ग्लास भरून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, चूळ भर. तिनं मोठा घोट घेतला, दोन्ही गाल फुगवून खुळखुळवला, मी शिकवला होता तसाच, अव्वांना शिकवताना तिनं पाहिला होता तसाच. मग पिकदाणीवर वाकली. वाकून थांबली. माझ्याकडे एकदा डोळे वर करून पाहिलं, आणि रक्तासकट ते पाणी गिळून टाकलं.

थुंक म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ग्लास तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरून दिला.